दिवेलीचा खोळ कुत्र्याच्या अंगणात नको: बडोद्याच्या खताच्या दुकानातल्या मालाची पारख

कुत्रा किंवा मांजर असलेल्या घरी बाग करायची ठरली की पहिली चौकशी होते ती ‘कोणतं झाड विषारी?’ याची. झाडांकडे आपण येऊच, पण बडोद्यात त्याआधी खताची गोणी उघडून बघायला हवी. इथल्या अंगणात कुत्र्याच्या जिवाला सगळ्यात जवळचा धोका आहे तो माळी मुठीमुठीने आळ्यात घालतो त्या पेंडेचा. दुकानात तिला दिवेलीचा खोळ म्हणतात, आपल्याकडे एरंडी पेंड.

म्हणून ही पारख सुरू होते खताच्या दुकानापासून आणि मग नर्सरी, लॉन, जाळी अशी पुढे जाते. प्रत्येक वस्तू बागेला कशी आहे आणि जमीन हुंगत, उकरत, चाटत फिरणाऱ्या जनावराला कशी आहे, हे दोन्ही पाहिलं आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम घेतलेली नाहीत. एकाच प्रकारचा माल दहा नावांनी येतो, तेव्हा पाकिटावरचं घटकांचं नाव वाचता येणं जास्त उपयोगाचं.

एरंडी पेंड: खत उत्तम, कुत्र्याच्या घरी बाद

देशातला बहुतेक एरंड गुजरातेत पिकतो. त्यामुळे तेल काढून उरलेली पेंड इथे मुबलक मिळते आणि निंबोळी पेंडेपेक्षा सहसा स्वस्त पडते. तिच्यात साधारण 4.3 टक्के नायट्रोजन, 1.8 टक्के फॉस्फरस आणि 1.3 टक्के पोटॅश असतं. गुलाब, आंबा, लिंबू, नारळ सगळ्यांना मानवते, वाळवीलाही थोडी दूर ठेवते. खत म्हणून तिच्यात काही खोट नाही.

खोट आहे ती रायसिनची. एरंडाच्या बीमधलं हे विष पाण्यात विरघळतं, तेलात विरघळत नाही. घाण्यावर बी पिळलं की तेल बाजूला जातं आणि रायसिन चोथ्यात राहतं. ‘अहो, दिवेल म्हणजे एरंडेल तर आपण लहान मुलांना पोट साफ करायला देत आलो, त्याची पेंड काय करणार?’ असं दुकानदार अगदी मनापासून सांगतो. तेलाबद्दल त्याचं म्हणणं बरोबर आहे, पेंडेबद्दल नाही. चांगल्या उष्णतेने रायसिन निकामी होतं, त्यामुळे नीट तापवून काढलेली पेंड कमी घातक असते. पण आपल्या हातातली गोणी तशी आहे की नाही, हे पिशवीवर सहसा लिहिलेलं नसतं. सुट्या मालाला तर पिशवीच नसते.

कुत्र्याला या पेंडेचा तेलकट, भाजल्या दाण्यासारखा वास आवडतो. त्यात बोनमील, म्हणजे हाडांची पूड, मिसळलं असेल तर तो आळं उकरून खातो. ब्राझील आणि दक्षिण कोरियातल्या पशुवैद्यांनी एरंडी पेंडेचं खत खाऊन कुत्रे दगावल्याच्या नोंदी केल्या आहेत. लक्षणं लगेच दिसत नाहीत, हा यातला घात आहे. काही तास कुत्रा ठणठणीत असतो. मग उलट्या, पातळ संडास, त्यात रक्त, पोट दुखून पाठीला बाक, मलूल पडणं हे सगळं सुरू होतं. कधी दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि तोवर सकाळी माळी येऊन गेल्याचं कुणाच्या लक्षातही नसतं. घरचे म्हणतात, बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल. रायसिनवर उतारा नाही. सलाइन, उलटी थांबवणारी औषधं आणि यकृत-मूत्रपिंडावर लक्ष, एवढंच डॉक्टरांच्या हाती असतं. म्हणून खाल्ल्याचा नुसता संशय आला तरी लक्षणांची वाट न बघता निघायचं.

ओळखायची कशी? मूठभर पेंड पांढऱ्या ताटलीत पसरा आणि उन्हात धरा. एरंडाच्या बीचं टरफल गुळगुळीत, चकचकीत असतं, त्यावर तपकिरी-करड्या नक्षीचे ठिपके असतात. पेंडेत त्याचे नखाएवढे, कधी त्याहून बारीक तुकडे राहतात आणि ऊन पडलं की काचेसारखे चमकतात. बाकीचा चुरा काळपट तपकिरी दिसतो. निंबोळी पेंडेत अशी चमक नसते. तिचा रंग मातकट, पोत तंतुमय आणि वास उग्र, लसणाकडे झुकणारा. बोटाला लागलेला तो वास दोनदा हात धुतल्यावरही जात नाही. मात्र पूर्ण दळलेल्या पावडरीत ही ताटलीची परीक्षा चालत नाही. तिथे लेखी घटक हवेत. ते नसतील तर माल परत.

सगळ्यात फसवी वस्तू म्हणजे ‘ऑरगॅनिक मिक्स’. एक किंवा पाच किलोचं सुंदर पाकीट, त्यावर फुलांचा फोटो आणि ‘शंभर टक्के नैसर्गिक’. मागे बारीक अक्षरात वाचलं तर निंबोळी, एरंडी, मोहरी, बोनमील असं सगळं एकत्र. नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा समज इथे जिवावर बेततो. कुंडीत भरायच्या तयार मातीच्या पिशव्याही तशाच तपासा. ‘पॉटिंग मिक्स’मध्ये पेंड कोणती आहे ते विचारा. ‘खोळ आहे’ एवढ्या उत्तरावर पैसे देऊ नका. कशाचा खोळ, ते नाव काढून घ्या.

आमचा निकाल स्पष्ट आहे: कुत्रा मोकळा फिरतो त्या अंगणात एरंडी पेंड अजिबात नको, खोल पुरूनही नको. सहा इंच खाली घातलेली पेंड पहिल्या पावसानंतर वास सोडते आणि सहा इंच उकरणं हे कुत्र्याचं पाच मिनिटांचं काम आहे. गोणी आधीच घरात असेल तर ती गच्चीवरच्या कुंड्यांनाही वापरू नका. दार कधीतरी उघडं राहतंच. कुत्रा नसलेल्या, कुंपण असलेल्या शेतावर देऊन टाका. घरामागे एरंडाचं झाड आपोआप उगवलं असेल तर तेही फळ धरण्याआधी मुळासकट काढा.

निंबोळी पेंड: हीच घ्या, पण मोजून

नायट्रोजन 5.2 टक्के, फॉस्फरस 1, पोटॅश 1.4 हे पुस्तकी आकडे. बाजारातल्या मालात ते खालीवर होतात. पण चव इतकी कडू की एक चाट मारून बहुतेक कुत्री तोंड फिरवतात. चुकून खाल्लीच तर एखादी उलटी, पातळ संडास, इतपतच त्रास सहसा होतो.

बारा इंची कुंडीला 40 ते 50 ग्रॅम, म्हणजे साधारण दोन मुठी, दर दीड महिन्याने. जमिनीत दर चौरस मीटरला 100 ग्रॅम पुरे. खुरप्याने वरची दोन इंच माती सैल करायची, पेंड मिसळायची, माती परत ओढून पाणी द्यायचं. वर नुसती भुरभुरली तर दोन गोष्टी होतात. पेंडेवर पांढरी बुरशी चढते, आणि मांजराच्या पायाला लागून ती घरभर फिरते. मे महिन्यात मात्रा निम्मी करा. कोरड्या, तापलेल्या मातीत पेंड कुजताना मुळांना झळ बसते, पानांच्या कडा करपतात आणि लोक ‘पाणी कमी पडलं’ म्हणून आणखी पाणी ओततात.

गांडूळखत तिच्या जोडीला उत्तम, जनावराच्या दृष्टीने सगळ्यात बिनघोर. दोन भाग माती, एक भाग गांडूळखत आणि बादलीभर मिश्रणाला एक मूठ निंबोळी पेंड. कुत्र्याच्या घरच्या कुंड्यांना यापलीकडे फारसं काही लागत नाही.

बोनमील मात्र कपाटात बंद ठेवा, नाहीतर घरात आणूच नका. विषारी नाही, पण हाडांची पूड कुत्र्याला खाऊच वाटते. अर्धा किलो खाल्ली तर पोटात सिमेंटसारखा गोळा बसतो, तो काढायला ऑपरेशन लागू शकतं. कोकोपीटचंही, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुश्याचंही, थोडं तसंच. वीट भिजवून फुलवलेली असेल तर ठीक, कोरडी वीट पिल्लाच्या तोंडी लागू देऊ नका, ती पोटात फुगते. कडधान्य भरडल्यासारखे दिसणारे डीएपी, युरिया, 19:19:19 या रासायनिक खतांचे दाणे सांडले तर ओट्यावरून लगेच झाडून घ्या. थोडे दाणे खाल्ले तर उलट्यांवर निभावतं, पिशवी फोडून खाल्ली तर नाही.

घरच्या कंपोस्टबद्दल दोन शब्द. डबा झाकणाचाच हवा आणि झाकण खटक्याचं. बुरशी आलेली पोळी, भात, चीज यांत अशी विषं तयार होतात की कुत्र्याला कापरं भरतं, झटके येतात. कांद्याची सालं आणि चहाचा चोथा गुलाबाच्या आळ्यात उघडा टाकायची सवय आपल्याकडे घराघरांत आहे. कांद्याने कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि चोथ्यात कॅफीन उरलेलं असतं. दोन्ही डब्यात जाऊ द्या, आळ्यात नको. केसर आंब्याच्या दिवसांत कोयीसुद्धा डब्यात. गुळगुळीत चोखलेली कोय लॅब्रॅडॉर आख्खी गिळतो आणि ती आतड्यात अडकते.

दुकानाची दुसरी फळी: औषधं

खताच्या दुकानात दुसऱ्या बाजूच्या फळ्यांवर कीटकनाशकं असतात आणि माळी ती पावतीशिवाय सुटी आणतो. इथे आमचं मत कडक आहे.

फोरेट हे दाणेदार औषध वाळवी आणि हुमणी (मुळं खाणारी अळी) यांच्यासाठी कुंडीत घालायची जुनी पद्धत. देशात त्यावर 31 डिसेंबर 2020 पासून पूर्ण बंदी आहे. तरी जुने माळी नावाने मागतात. कार्बोफ्युरान 3 टक्के दाणेदार त्याचाच भाऊबंद. दोन्ही मज्जातंतूंवर चालतात: तोंडातून लाळेच्या तारा, डोळ्यांतून पाणी, बाहुली टाचणीएवढी, अंगाला कंप, श्वास घुसमटलेला. यावर अॅट्रोपिन हा उतारा चालतो, पण वेळेत पोचला तर. घरच्या बागेत या दोन्हींना जागा नाही. वाळवी खरोखर लागली असेल तर ठेकेदाराला पिंपात काय आहे ते विचारा, कागदावर लिहून घ्या आणि माती वाळेपर्यंत जनावर दुसऱ्या घरी ठेवा.

पावसाळ्यात गोगलगायींच्या गोळ्या खपतात. त्यात बहुधा मेटाल्डिहाइड 2.5 टक्के असतं आणि गोळी बांधताना कोंडा किंवा पीठ वापरलेलं असतं, म्हणजे कुत्र्याच्या नाकाला ती बिस्किटच. खाल्ल्यावर तासा-दोन तासांत अंग थरथरू लागतं, ताप चढतो, झटके येतात. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या मिळाल्या तर त्या पुष्कळ बऱ्या, पण त्याही चिमटीने, पसरून. रात्री ओलं गोणपाट किंवा पपईची सालं टाकून सकाळी गोगलगायी वेचणं हा उपाय चार रात्री लागोपाठ केला तर औषधाची गरजच उरत नाही.

उंदरांच्या औषधांचे दोन प्रकार, आणि दोघांचा फरक घरातल्या प्रत्येकाला माहीत हवा. काळी-करडी पूड म्हणजे झिंक फॉस्फाइड. पोटातल्या आम्लाशी भिडून त्याचा फॉस्फिन वायू होतो. अशा वेळी ‘दूध पाजा, पोळी चारा’ ही घाई अंगाशी येते, कारण अन्नाने आम्ल वाढतं. कुत्र्याने गाडीत उलटी केली तर काचा खाली करा, तो वायू माणसालाही बाधतो. रंगीत वडी किंवा केक म्हणजे बहुधा ब्रोमाडायोलोन 0.005 टक्के. त्याने रक्त गोठेनासं होतं आणि तीन ते पाच दिवस काहीच दिसत नाही. मग हिरड्या फिक्या, नाकातून रक्त, धाप. यावर व्हिटॅमिन के-1 हा पक्का उतारा आहे, पण तो आठवडेच्या आठवडे द्यावा लागतो. म्हणून वडीचा कागद फेकू नका. डॉक्टरांना सगळ्यात आधी तोच लागतो. आमची शिफारस साधी: जनावर असलेल्या घरात औषध नको, लोखंडी पिंजरा घ्या. चुरमुरे किंवा भजं अडकवून भिंतीला समांतर ठेवा. उंदीर भिंतीच्या कडेने धावतो, अंगणाच्या मधोमध ठेवलेला पिंजरा रिकामाच राहतो.

तण मारायला पॅराक्वाट कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. ते पोटात गेलं की फुप्फुसं निकामी करतं आणि त्याला उतारा नाही. पेव्हर ब्लॉकच्या फटीतल्या गवतावर उकळतं पाणी ओता, दोन वेळा ओतलं की जातं.

आणि डांबराच्या गोळ्या. साप येऊ नये, दुसऱ्याचं मांजर येऊ नये म्हणून कुंड्यांच्या मागे त्या टाकतात. साप त्यांना जुमानत नाही. कुत्र्याने गिळली तर रक्तपेशी फुटतात, मांजराला तर थोडीशीही सोसत नाही. काळं फिनेल शिंपडणंही तसंच. फिनॉल पचवायची ताकद मांजराच्या यकृतात फारशी नसते आणि पंजा चाटून ते पोटात जातं. गोचिडांसाठी कुत्र्याला लावायचं पर्मेथ्रिनचं औषध मांजराला कधीही लावू नका, एका घरात दोघं असतील तर कुत्र्याचं अंग वाळेपर्यंत दोघांना वेगळं ठेवा.

नर्सरीत काय घ्यावं

बडोद्याच्या नर्सऱ्यांत झाडं छान मिळतात, निगाही चांगली असते. पाटीवर मात्र नाव आणि किंमत एवढंच. विषाचा उल्लेख नाही, त्यामुळे विचारायचं काम आपलं.

पहिला नकार सायकसला. दारापाशी दोन सायकस ही बंगल्यांची ठरलेली शोभा आहे. कोवळ्या पानापासून मुळापर्यंत सगळं झाड विषारी, मादी झाडाच्या मधल्या गड्ड्यातली नारिंगी बी सर्वांत जास्त. एक-दोन बियांनी कुत्र्याचं यकृत निकामी होऊ शकतं. त्याच्या जागी अरेका पाम लावा. दारात तितकाच डौलदार दिसतो आणि कुत्र्याने पानं फाडली तरी फक्त झाडाचं नुकसान.

कण्हेर, पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, अॅडेनियम म्हणजे वाळवंटी गुलाब, ही तिन्ही हृदयाचे ठोके बिघडवतात. कण्हेरीची वाळलेली पानंही तेवढीच घातक, म्हणून छाटणीचा ढीग अंगणात रात्रभर ठेवू नका. अॅडेनियमचे शौकीन इथे खूप आहेत. संग्रह टाकून द्या असं कोण म्हणेल? कुंड्या कमरेच्या उंचीच्या लोखंडी स्टँडवर चढवा, गळलेली फुलं रोज उचला, आणि घरात मांजर असेल तर गच्चीला दार लावा. पानफुटीच्या जातीतलं कलांचो हिवाळ्यात भरभरून विकलं जातं, तेही याच माळेतलं.

मांजराच्या घरी ‘लिली’ हा शब्द ऐकला की थांबा. नर्सरीत पाच-सहा वेगळी झाडं एकाच नावाने विकतात. आशियाई लिलीचे कांदे आणि डे लिली ही खरी घातक: एखादं पान, अंगावर सांडलेले पराग चाटणं, फुलदाणीतलं पाणी, एवढ्यानेही मांजराचं मूत्रपिंड एक ते तीन दिवसांत बंद पडू शकतं. पीस लिली वेगळ्या कुळातली. तिने आणि मनी प्लांट, डिफेनबेकिया यांनी तोंड भाजल्यासारखं होतं, लाळ गळते, पण जीव सहसा जात नाही. रेन लिली, स्पायडर लिली यांच्या कांद्यांनी उलट्या होतात. नर्सरीवाल्याला शास्त्रीय नाव सांगता आलं नाही तर मांजराच्या घरी लिली नकोच.

सदाफुली खाण्यात येऊ देऊ नका, घाणेरीची कच्ची फळंही. चिनी गुलाब, म्हणजे दहा वाजता फुलणारं ऑफिस टाइम, लटकत्या कुंडीत ठीक, जमिनीवर वाफाभर नको, त्यात ऑक्झलेट हे अपायकारक द्रव्य असतं.

मग लावायचं काय? मोगरा, जाई, जास्वंद, गुलाब, तुळस. हिवाळ्यात झिनिया, पेटुनिया, अॅस्टर, सूर्यफूल. सावलीला बोस्टन फर्न आणि स्पायडर प्लांट. आजीच्या अंगणातली बहुतेक झाडं या यादीत बसतात. कण्हेर तेवढी सोडून.

लॉन, फरशी, प्लास्टिकचं गवत

प्लास्टिकचं गवत विकणारे ‘पेट फ्रेंडली’ म्हणून माल गळ्यात मारतात. बडोद्याच्या उन्हात आम्ही ते सुचवणार नाही. मे महिन्यातल्या दुपारी त्याचा पृष्ठभाग 60 अंशांच्या वर जातो, लघवी खालच्या थरात साठून वास मारते आणि पिल्लं धागे उपटून गिळतात. बाल्कनीतल्या सावलीत चौकोनभर टाकायचं असेल तर ठीक, पण खाली निचऱ्याची चटई हवी आणि रोज पाणी ओतायला हवं.

खऱ्या लॉनमध्ये मेक्सिकन गवत दिसायला गादीसारखं, पण कुत्र्याच्या धावपट्टीवर ते चार महिन्यांत टकलं होतं आणि भरून यायला फार वेळ घेतं. हरळीच्या जाती रांगत पसरतात, खड्डा स्वतः भरून काढतात. कुत्र्याच्या घरी त्याच घ्या. लॉनवाला चौकोनी तुकडे आणतो तेव्हा त्यांवर कसली फवारणी झाली ते विचारा. अंथरल्यावर भरपूर पाणी द्या आणि गवत मूळ धरेपर्यंत, साधारण दोन आठवडे, कुत्र्याला त्यावर सोडू नका.

पिवळे डाग हा सगळ्यांचा प्रश्न. लघवीतलं नायट्रोजन एका जागी जास्त पडतं, गवत जळतं आणि डागाच्या कडेला गर्द हिरवी कड दिसते. मादी एकाच जागी बसते म्हणून तिचे डाग ठळक. उपाय एकच, लगेच दोन-तीन लिटर पाणी. कुत्र्याच्या पाण्यात टोमॅटोचा रस, सोडा, ‘लॉन बिस्किट’ असलं काही घालू नका. त्या लॉनला युरियाही देऊ नका, नायट्रोजन आधीच मिळतं आहे.

फरशीची परीक्षा तळहाताच्या पाठीने करा. सात सेकंद टेकवता आली नाही तर कुत्र्याच्या पंजालाही ती सोसणार नाही. गडद टाइल्स आणि कोटा दगडाची फरशी दुपारी चटका देतात. चालायच्या वाटेवर 75 टक्के ऊन अडवणारी हिरवी शेडनेट आठ फुटांवर ताणा आणि कडुनिंबाखाली एक खड्डा उकरायला मोकळा सोडा: चार बाय चार फूट, दीड फूट खोल, निम्मी वाळू निम्मी माती. त्यात त्याची खेळणी पुरली की तो वाफे सोडून तिथेच उकरतो. पाण्याचं मातीचं परळ सावलीत, रोज घासून. कमळाचं टाकं असेल तर डासांसाठी औषध टाकण्यापेक्षा गप्पी मासे सोडा आणि आत एक वीट उभी करा, मांजर पडलं तर तिच्यावर चढून बाहेर येतं.

जाळी आणि फाटक

विश्वामित्री नदी आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांच्या आसपासच्या सोसायट्यांत पावसाळा म्हणजे मगरीचा काळ. ऑगस्ट 2024 च्या पुरात त्या वस्त्यांमध्ये शिरल्या होत्या, हे शहर विसरलेलं नाही. मगर मारणं किंवा स्वतः पकडणं बेकायदेशीर आहे आणि जिवावर बेतणारंही, वनखात्याला कळवायचं. नदीकाठच्या घरी जुलै ते सप्टेंबर कुत्रा रात्री आत झोपवा, आणि पाणी ओसरल्यावर त्याला सोडण्याआधी अंगणात दिवसाउजेडी स्वतः फेरी मारा. साचलेलं पाणी, वाहून आलेला पाला, उलटलेल्या कुंड्या यांच्या मागे साप असतात.

सापासाठी फक्त जाळी उपयोगी पडते, आणि तीही योग्य मापाची. एक इंची चौकोनाच्या जाळीतून पिल्लू साप आरामात येतो. गॅल्व्हनाइज्ड वेल्ड मेश 6 मिलिमीटरची घ्या, जमिनीपासून दोन फूट वर आणि अर्धा फूट मातीत. फॅब्रिकेटर ती फाटकाला बाहेरून लावून देतो. तसं करू देऊ नका. आतून लावा आणि कडा पट्टीखाली दाबून घ्या, नाहीतर सुटलेली तार कुत्र्याच्या नाकाला टोचते. फाटक आणि जमीन यांच्यामधली फट बोटभर. मोऱ्यांच्या तोंडांना तीच जाळी, पण बिजागरीवर, म्हणजे पावसाचा गाळ काढता येईल. विटांचे ढीग आणि रिकाम्या कुंड्या कुंपणापासून हलवा. उंदीर तिथेच राहतात, आणि साप उंदरांमागे येतो.

उकरून बाहेर पडणाऱ्या कुत्र्यासाठी कुंपणाच्या आतल्या बाजूला एक इंची जाळी एल आकारात जमिनीवर फूटभर आडवी टाका, वर दोन इंच माती. दोन-तीनदा नखं अडकली की तो ती कड सोडतो.

फाटकाच्या आतल्या बाजूला, माळ्याला दिसेल अशी एक पाटी लावा. मराठी आणि गुजराती दोन्हींत: ‘दिवेलीचा खोळ, बोनमील, दाणेदार औषध या बागेत घालायचं नाही. नवीन गोणी आधी दाखवा.’ त्याच पाटीवर आपल्या पशुवैद्याचा रात्रीचा नंबर. राज्याची 1962 नंबरची करुणा अँब्युलन्स मुख्यतः बेवारस जनावरांसाठी आहे, रस्त्यावरच्या कुत्र्याने काही खाल्लं तर तिला फोन करा. आपल्या जनावरासाठी स्वतःची गाडी तयार ठेवा. निघताना पाकीट, उरलेली पेंड, आणि उलटी झाली असेल तर तिचा नमुना पिशवीत घ्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका, त्यानेच कुत्रे दगावतात. उलटी काढायची की नाही हे फोनवर डॉक्टरांना विचारा. ताप, झटके किंवा बेशुद्धी असेल तर तोंडात काहीही घालू नका, आणि मांजराला घरगुती उपायाने उलटी काढायला तर कधीच लावू नका.